मी आणलेला माणूस

आमच्या शाळेत नाटकाचे दोन वर्ग होते. पहिला कुणालाही मिळे. तिथे पाठांतर, स्पष्ट उच्चार आणि पोटातून श्वास घेऊन शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवणं, एवढंच शिकवत. पुढच्या वर्गाला मात्र सर स्वतः मुलं निवडत. दहावी-अकरावीतली आठ-नऊ मुलंमुली, आठवड्यातून दोनदा, शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या खोलीत जमत. या वर्गात एकही संवाद म्हणायला मिळत नसे. इथे फक्त माणसं आणायची असत.

माणूस आणणं हा सरांचाच शब्द. चाळीतला, बाजारातला, कुठलाही एक खरा माणूस आठवडाभर न्याहाळायचा आणि वर्गासमोर उभं राहून तो करून दाखवायचा. बोलायचं नाही, नाव सांगायचं नाही. बाकीच्यांनी तो कोण, काय धंदा करतो ते ओळखायचं. क्रमही ठरलेला होता. आधी पाय, मग पाठ, मग हात, आणि तोंड सगळ्यात शेवटी. "तोंडावर भाव आणणारे नाक्यानाक्यावर मिळतात," सर म्हणत. "पाठीने बोलता आलं तर या वर्गात बसा."

सरांनी उमेदीची वर्षं कामगारांच्या नाटकांत घालवली होती. दम्याने अर्धे झाले होते, पण खुर्चीवरून उठून चार पावलं चालले की समोर हमाल दिसे, नाहीतर सावकार दिसे. त्यांचं एक वाक्य मी वहीत लिहून खाली लाल रेघ मारली होती. "प्रत्येक माणूस काहीतरी लपवत असतो. ते त्याच्या अंगात कुठेतरी ठेवलेलं असतं. ती जागा सापडली की माणूस सापडला."

ती वही पुढे मी स्वतःच्या हाताने बंबात घातली.

कारण ते वाक्य मी लिहून घेतलं तेव्हा आमच्या लालबागच्या दोन खोल्यांत खरोखरच एक माणूस लपलेला होता. तो माझा मामा, आईचा धाकटा भाऊ. गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचं काम करायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. फाउंटनला गोळ्या चालून गेल्या होत्या, आमच्याकडे संचारबंदी कधी लागेल याचा नेम नसे. चाळीचाळींतून जी पत्रकं हातोहात फिरत त्यांतली पुष्कळशी मामाने जुळवलेली होती. एक दिवस छापखान्यावर धाड पडली. मालक सापडला, यंत्र सापडलं, मामा मागच्या गल्लीतून निसटला.

पोलिसांना खरे हवे होते ते पत्रकं लिहिणारे. ते कोण हे मालकालाही ठाऊक नव्हतं, ठाऊक असलेला एकच माणूस म्हणजे मामा. तो हाती लागला असता तर त्याच्याकडून नावं काढली असती. नावं कशी काढतात हे चौकीतून सुटून आलेल्यांच्या अंगावर आम्ही पाहिलं होतं.

चाळीत लपणं म्हणजे बाजारात लपणं. दार दिवसभर उघडं, आणि जो तो आपल्याच घरात आल्यासारखा आत येणार. म्हणून आईने जाहीर केलं की भावाला कावीळ झाली आहे, गावाहून औषधाला आणलंय. तिला वाटलं लोक लांब राहतील. झालं उलटंच. कुणी उसाचा रस आणून दिला, कुणी मुळ्याचा पाला. टोकाच्या खोलीतल्या आजींनी काविळीची माळ आणून मामाच्या डोक्यावर ठेवली. कावीळ उतरते तशी ती माळ लांब होत होत गळ्यात उतरते म्हणे. मामाची माळ चौथ्या दिवशीच छातीपर्यंत आली. नसलेली कावीळ इतकी झपाट्याने उतरलेली पाहून आजींना आपल्या हातगुणाचा अभिमान वाटला. मामाला मात्र मासळी बंद झाली. आई कोंड्याची पेज पुढे ठेवी आणि तो मालवणी माणूस शेजारच्या तळलेल्या बांगड्याचा वास घेत ती गिळी.

हसायचो आम्ही. पण जिन्यावर बुटांचा आवाज आला की चौघेही हसता हसता थांबायचो. बाबा मिलच्या टाइम ऑफिसात कारकून होते. ते रोज संध्याकाळी येत, चपला काढत आणि आईकडे नुसतं पाहत. आई मान हलवी. मग ते कोट खुंटीला लावत.

मला बजावून ठेवलं होतं की बाहेर एक अक्षर बोलायचं नाही. मी बोललेही नाही. तोंडाने नाही.

वर्गात माझं काही बरं चाललं नव्हतं. मी दोनदा कोळीण आणली होती. कमरेवर हात, टोपली, पदर, ठसका, सगळं बेतशीर. पहिल्या वेळी सरांनी नुसतं पुढच्याला बोलावलं. दुसऱ्या वेळी म्हणाले, "हे कोळणीचं लुगडं झालं. आत कोळीण कुठाय?" वर्ग हसला. मला इतका राग आला की घरी येईपर्यंत मी रस्त्यात कुणाकडे पाहिलं नाही. संमेलनाच्या नाटकातलं मुख्य काम पुढच्या गुरुवारी ठरणार होतं आणि ते मला हवं होतं. किती हवं होतं हे आज लिहायला लाज वाटते, पण ते खरं आहे. घरात एक माणूस जिवाच्या भीतीने कोपऱ्यात बसला होता, आणि मी त्याच कोपऱ्याकडे पाहत शाबासकीचा विचार करत होते.

मामाचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता. वीस वर्षं डाव्या हातात खिळ्यांची पट्टी धरून तो उभा राहिला होता. चालताना डावी बाजू थोडी मागे राही, उजवी पुढे निघे. आणि त्याचा डावा अंगठा कधी स्वस्थ नसे. खिळे जुळवणारा उजव्या हाताने एकेक अक्षर उचलून पट्टीत ठेवतो, आणि शेवटचं अक्षर पडू नये म्हणून डाव्या अंगठ्याने ते दाबून धरतो. नवीन अक्षर आलं की अंगठा एक केसभर सरकतो. मामा भिंतीला टेकून बसला असला, पेज पीत असला, तरी मांडीवरच्या डाव्या हाताचा अंगठा तर्जनीवरून केसभर सरकायचा, दाबायचा, पुन्हा सरकायचा. जिन्यावर आवाज आला की तो भरभर चाले. एकदा मी विचारलं, "मामा, काय जुळवतोस रे?" तो दचकला. हाताकडे पाहून म्हणाला, "काय नाय गो. सवय."

सरांनी सांगितलेली जागा मला सापडली होती.

गुरुवारी मी मामा आणला. आधी पाय, मग पाठ. भिंतीशी जाऊन बसले, दाराकडे पाठ न करता. डावा हात मांडीवर ठेवला. मग जिन्यावर कुणीतरी आलं असं मनात धरलं, आणि बाकी सगळं अंग स्थिर ठेवून फक्त अंगठा चालू केला. एका मुलाने शिंपी म्हटलं, दुसऱ्याने जपमाळ ओढणारा. सर मात्र खुर्चीच्या कडेला सरकून पाहत होते. त्यांनी आयुष्यभर नाटकांच्या जाहिराती छापून घेतल्या होत्या. ते हळूच म्हणाले, "खिळे जुळारी आहे. आणि घाबरलेला आहे." मग म्हणाले, "आज तू माणूस आणलास पोरी." काम मला मिळालं.

मी घरी तरंगत गेले. मामा कोपऱ्यात होता. त्याला पाहून क्षणभर दारातच थांबले, पण मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं, एक शब्द उच्चारला नव्हता. मी भाकरी खाल्ली आणि झोपले. शहाणपण असं जेवूनखाऊन झोपतं, आणि मागाहून बोंब मारत उठतं.

आमच्या वर्गात माझी एक मैत्रीण होती, पोलीस लाइनीत राहणारी. तिचे वडील हवालदार होते. एकदा पाहिलेला माणूस ती हुबेहूब करी, नाटकवाल्या सगळ्यांत तिच्याइतकी नक्कल कुणाला येत नसे. सर तिला आरसा म्हणत. "आरशात सगळं दिसतं, पण त्याला स्वतःला काय कळतं?" असं चिडवत. तीही हसे. मनाने निर्मळ पोर होती.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली.

"काल मी तुझा माणूस आप्पांना करून दाखवला," ती म्हणाली. "जेवताना. त्यांना हसवायला."

"हसले?" मी विचारलं.

"नाही ना. घास तसाच ठेवला हातात. म्हणाले, परत कर. मग म्हणाले, पाठीकडून दाखव. तीन वेळा करायला लावलं गं. अंगठा दाखव म्हणाले, दिव्यापाशी ये म्हणाले." तिने डब्याचं झाकण काढलं. "मग म्हणाले, ही पाठ मी बघितलीय. जेवण टाकून उठले. आई किती ओरडली."

मी विचारलं, "अजून काय म्हणाले?"

"वर्गात हे कुणी केलं म्हणून विचारलं. मी सांगितलं तू. कुठे राहते विचारलं." तिने माझ्याकडे पाहिलं. "कोण गं तो?"

"कुणी नाही. मनाने केला."

"मीपण तेच म्हटलं. तर आप्पा म्हणाले, मनाने असं येत नाही."

मी दप्तर वर्गातच टाकून निघाले. परळपासून लालबागपर्यंत धावले नाही. धावणारी मुलगी लोक पाहतात, एवढं शिकले होते. चाळीसमोर कोळशाची वखार होती. तिच्या बाकड्यावर दोन माणसं बसली होती. साधे कपडे, पण पायात चामड्याचे जड बूट. त्यांतला मोठा, मिशीवाला, माझ्याकडे पाहून दुसरीकडे बघू लागला. नाक आणि हनुवटी थेट माझ्या मैत्रिणीची होती.

आई तांदूळ निवडत होती. मी दार लावलं. दिवसा दार लागलेलं पाहूनच तिचा हात थांबला. मी सगळं सांगितलं, कोळणीपासून वखारीपर्यंत. मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती सूप बाजूला ठेवून म्हणाली, "वर्गात? लोकांपुढे?" आणि मग माझ्याकडे पाहायचंच बंद केलं.

मामा उठून उभा राहिला होता. अंगठा भरभर चालला होता. तो माझ्यावर रागावला नाही. म्हणाला, "अजून वर कशे नाय इले?" त्याचं उत्तर तिघांनाही माहीत होतं. त्या दिवसांत दोन शिपाई आमच्या चाळीत शिरले असते तर वरच्या मजल्यांवरून बायकांनी त्यांच्यावर उकळतं पाणी ओतलं असतं. ते मोठ्या गाडीची वाट पाहत होते. गाडी आली की अश्रुधूर येणार, दारं फुटणार, सगळ्या चाळीला मार बसणार. मामा म्हणाला, "माझ्यापायी ह्या बायकापोरांक नको." पहिली पाळी सुटायला तासभर होता. पाळी सुटली की रस्ता माणसांनी भरतो. त्या गर्दीत शिरायचं, माटुंग्याला बाबांचे एक स्नेही होते तिथे पोचायचं, असं ठरलं.

पण गर्दीच्या आधी वखार होती. धाडीच्या दिवशी मामा गल्लीतून पळाला तो पाठमोरा, हवालदाराने त्याचा चेहरा पाहिला नव्हता. त्याला ठाऊक होती ती पाठ, आणि लेकीने दाखवलेला तो अंगठा.

"मी शिकवते," मी म्हणाले. आईने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

मला पूर्ण येत असलेला दुसरा पुरुष एकच होता, तो म्हणजे बाबा. मामाला बाबांचा जुना कोट घातला, काळी टोपी घातली. दाढी वाढली होती ती काढली, मिशी ठेवली. मग मधल्या दहा फुटांत मी त्याला चालायला लावलं. आधी पाय. बाबा आखूड पावलं टाकत, टाच आधी. मग पाठ. टाइम ऑफिसातल्या माणसाची पाठ वर्षानुवर्षं वह्यांवर वाकलेली असते, खांदे दोन्ही सारखेच पुढे आलेले. मामाचा डावा खांदा वर येईना. मी कोटाच्या आत घडी केलेला पंचा घातला. तरी अंगठा राहिलाच. तो थांबव म्हटलं की आणखी जोरात चाले.

तेव्हा सरांचं दुसरं एक सांगणं आठवलं. हात खोटं बोलत असेल तर त्याला दटावू नका, त्याला काम द्या. मी भाजीची पिशवी काढली, आत दोन नारळ टाकले, आणि डाव्या हातात दिली. मुठीत पिशवीचे बंद आवळले गेले, अंगठा त्यांच्यावर दाबून बसला आणि गप्प झाला. महिन्याभरात पहिल्यांदा तो अंगठा मी स्वस्थ पाहिला. मामाही पाहत राहिला.

पाऊण तासात तो शिकला. मी सरांपुढे इतकी चांगली कधी उभी राहिले नव्हते आणि सरांना इतका चांगला विद्यार्थी मिळाला नव्हता. शेवटच्या फेरीला तो दाराकडून खिडकीकडे चालत गेला तेव्हा आईच्या तोंडून "अगो बाय" असं निघालं. पाठमोरे बाबाच होते ते. माझ्या मनात भीती होती, आणि तिच्या जोडीला, काय सांगू, थोडी ऐटही होती.

भोंगा झाला. मामा दाराशी आला. आई आत गेली आणि लगबगीने बाहेर आली. मामाने सवयीने उजवा तळवा पुढे केला, आईने त्यावर चमचाभर दही ठेवलं, त्याने ते तोंडाला लावलं आणि तळवा चाटला. माणूस गावाला निघाला, परीक्षेला निघाला की आमच्याकडे हातावर दही पडतंच. मी ते पाहिलं. पाय पाहिले होते, पाठ पाहिली होती, हाताला काम दिलं होतं. दह्यात मला काही दिसलंच नाही. आपल्या घरात रोज घडतं ते कुणी न्याहाळत नाही, सरांनी तेवढं शिकवलं नव्हतं.

मामा जिना उतरला. मी मीठ आणायला निघाल्यासारखी दहा पावलं मागे ठेवून उतरले. अंगण, नळ, दगडी पायरी. आखूड पावलं, टाच आधी. रस्त्यात पाळी सुटलेल्यांचा लोंढा यायला लागला होता. बाकड्यावरून मिशीवाला उठला आणि वाटेत उभा राहिला.

"कुठं निघालात?"

"हा काय, बाजारात," मामा बाबांसारखा मान खाली घालून म्हणाला. "भाजी बघतो काय मिळते ती."

हवालदाराने त्याला नीट पाहिलं. दोन्ही खांदे पाहिले. डावा हात पाहिला. पिशवी पाहिली, मुठीवरचा गप्प अंगठा पाहिला. मग बाजूला सरकला. "जा."

मामा गेला. दोन पावलं, तीन. मी मागून पावलं मोजत होते.

"ओ," हवालदार मागून म्हणाला. साध्याच आवाजात, एखाद्याचा पडलेला रुमाल दाखवावा तसा. "मिशीला काय लागलंय तुमच्या?"

मामा वळला. उजवा हात त्याने मिशीवर फिरवला, आणि बोटं पाहिली. तळव्याच्या रेघांतही पांढरं राहिलं होतं.

हवालदारही त्या तळव्याकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. हे मी आजही शपथेवर सांगेन. त्यालाही कुणीतरी असंच हातावर दही देऊन मुंबईला धाडलं असणार.

"दही," तो म्हणाला. "भाजी आणायला निघालेल्या माणसाच्या हातावर दही कोण ठेवतं हो?"

मामाने पिशवी हळूच जमिनीवर ठेवली. हात मोकळा झाला आणि अंगठा चालू लागला. केसभर सरकला, दाबला, सरकला. हवालदाराने तिकडे पाहिलं आणि त्याचा दंड धरला. सभोवार माणसं चालली होती, कुणाच्या काही लक्षातच आलं नाही. मित्र मित्र निघावेत तसे ते तिघे गेले. मी पिशवी उचलून वर आणली.

आईने नारळ पाहिले आणि खाली बसली. "कसा ओळखल्यान?" तिने विचारलं.

"अंगठ्यावरून," मी म्हणाले.

बाबांना दोन दिवस चौकीवर बसवून ठेवलं आणि सोडलं. आल्यावर कोट कुठे आहे हेही त्यांनी विचारलं नाही. माझी मैत्रीण त्या दिवसापासून वर्गात आली नाही. एकदा शाळेच्या जिन्यात समोर आली, म्हणाली, "मी काय केलं गं?" मला तिचा राग येत होता, आणि तिचा राग येतोय याचाही येत होता. मी म्हटलं, "तू काही नाही केलंस. आणला मी होता." सरांकडे जाऊन मी काम परत केलं. का, हे त्यांना सांगितलं. ते उठून खिडकीशी गेले आणि म्हणाले, आता घरी जा. त्या वर्षी गडबडीत संमेलनच झालं नाही. ज्या कामासाठी मी मामाला वर्गात नेऊन उभं केलं ते नाटक रंगमंचावर आलंच नाही.

आठ महिन्यांनी मामा सुटला. या आठ महिन्यांत पत्रकं निघतच होती. अक्षरं वेगळी असतील, मजकुराची भाषा तीच होती. म्हणजे त्याने एकही नाव दिलं नव्हतं. तो जिना चढून आला तेव्हा मी गॅलरीत होते. मी आधी पाय पाहिले, मग पाठ. न बघायचं ठरवलं होतं तरी पाहिलं. उजवा पाय नीट टेकत नव्हता. डावा अंगठा तळव्याकडे वाकून तसाच राहिला होता, सरकतही नव्हता आणि दाबतही नव्हता. खिळे जुळवायचं काम संपलं होतं. ती नवी चाल मला एका नजरेत पाठ झाली आणि अजून पाठ आहे. मी ती कधी कुणापुढे केली नाही.

पंधरा दिवस राहून तो गावी जायला निघाला. भाऊच्या धक्क्यावरून दुपारची बोट होती. या पंधरा दिवसांत आईने मला तीन-चारदा सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. नाटकं केलीस आणि माझा भाऊ घालवलास, म्हणाली. मी ऐकून घेतलं. ते खोटं नव्हतंच. दह्याचं मी तिला सांगितलं नव्हतं, आणि मामानेही सांगितलं नाही हे मला तेव्हा कळलं. घरात दोष एकाच्या नावावर होता तो तसाच राहू द्यावा, असं आम्ही दोघांनी न बोलता ठरवलं होतं.

तो दाराशी उभा राहिला. आई आत गेली आणि दह्याची वाटी घेऊन आली. मामाने माझ्याकडे पाहिलं. मी दाराची चौकट धरली होती. त्याने उजवा हात पुढे केला. आईने मोठा चमचाभर दही ठेवलं, भावाला लांब जायचं होतं ना. त्याने ते सगळं खाल्लं, मिशी सदऱ्याच्या बाहीला पुसली, तळवा धोतराला घासून घासून कोरडा केला. मग आईची पाठ वळली तेव्हा तो तळवा त्याने माझ्यापुढे धरला, एकदा सुलटा, एकदा उलटा.

मी मान हलवली.

"येतंय," तो म्हणाला, आणि जिना उतरू लागला.